दडवलेल्या कागदांची भीती

रिचर्ड प्रेस्टन यांच्या 'द हॉट झोन'ची पहिली काही पानं रात्री अंथरुणात पडून वाचणाऱ्याची झोप उडते. १९८० सालची घटना आहे. केनियात राहणारा एक फ्रेंच माणूस माउंट एल्गॉनवरच्या किटम गुहेत फिरून येतो. आठवडाभरात त्याचं डोकं ठणकू लागतं, डोळे लालबुंद होतात, आणि मारबर्ग विषाणूनं पोखरलेलं शरीर घेऊन तो एका छोट्या विमानात बसून नैरोबीला निघतो. त्या प्रवासातला एकेक क्षण प्रेस्टन वाचकाला भोगायला लावतात. पुस्तक १९९४ साली आलं, तडाखेबंद खपलं, आणि जीवघेण्या साथींवर कसं लिहायचं याचा एक साचाच त्यानं घालून दिला. त्यानंतरच्या तीस वर्षांत इबोला, देवी, अँथ्रॅक्स, निपाह, जैविक अस्त्रं अशा विषयांवर इंग्रजीत पुस्तकांची रांग लागली. करोनानंतर तर मराठी वाचकही या पुस्तकांकडे वळला आहे.

ही पुस्तकं वाचावीत का? जरूर वाचावीत. पण त्यातल्या कशाला घाबरायचं, हे वाचकानं स्वतः ठरवायला हवं. कारण यातली बरीच पुस्तकं भलत्याच गोष्टीची भीती घालतात.

'हॉट झोन'चंच घ्या. पुस्तकाचा मोठा भाग घडतो तो अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या रेस्टन या गावी. १९८९ मध्ये तिथं फिलिपिन्सहून आणलेली प्रयोगाची माकडं एकामागून एक मरू लागली. फोर्ट डेट्रिक इथल्या लष्करी संशोधन संस्थेनं इबोलाच्या कुळातला विषाणू ओळखला, आणि हवाबंद पोशाख घातलेल्या पथकानं आत शिरून उरलेली सगळी माकडं मारली. हे सगळं खरं आहे आणि प्रेस्टन यांनी ते जीव ओतून लिहिलं आहे. शेवटी निघालं काय, तर माकडं सांभाळणाऱ्या काही कामगारांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. आजारी कुणीच पडलं नाही. त्या इमारतीत एकही माणूस दगावला नाही.

आणि जिथं माणसं खरोखर दगावली, तिथलं चित्र या पुस्तकातल्यासारखं नव्हतं. रक्ताचे अश्रू, आतल्या आत विरघळणारी इंद्रियं ही वर्णनं अतिरंजित असल्याची टीका डेव्हिड क्वामेन यांच्यासारख्या त्याच क्षेत्रात लिहिणाऱ्या लेखकानं केली आहे. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलानं अकरा हजारांहून अधिक बळी घेतले. त्या रुग्णांत उघड रक्तस्राव झालेले थोडेच होते. बहुतेकांना उलट्या आणि जुलाब होत होते आणि अंगातलं पाणी संपत होतं. त्यांना हवी होती सलाइनची बाटली, ती लावायला हातमोजे घातलेली नर्स, आणि त्या नर्सला पुरेशी झोप. इबोला म्हणजे रक्ताच्या थारोळ्यातलं अटळ मरण, असं एकदा मनावर ठसलं की सलाइनची मागणी करण्याचंही कुणाला सुचत नाही. या लेखनाचं खरं नुकसान इथं आहे.

याच विषाणूची दुसरी गोष्ट बेल्जियन डॉक्टर पीटर पिओट यांनी 'नो टाइम टू लूज' या २०१२ सालच्या आत्मकथनात सांगितली आहे, आणि ती प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात असावी अशी आहे. १९७६ मध्ये पिओट सत्तावीस वर्षांचे होते आणि अँटवर्पच्या प्रयोगशाळेत शिकत होते. झाईर, म्हणजे आजच्या काँगोमधून, त्यांच्याकडे एक थर्मास आला. आत बर्फ आणि एका आजारी ननच्या रक्ताच्या दोन काचेच्या नळ्या. एक नळी वाटेतच फुटली होती आणि रक्त वितळलेल्या बर्फात मिसळलं होतं. हातात साधे मोजे, तोंडावर काही नाही, अशा अवस्थेत या मंडळींनी तो थर्मास उघडला. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली जो लांबलचक, आकड्यासारखा वळलेला विषाणू दिसला, त्याला पुढं एका नदीवरून इबोला हे नाव मिळालं.

मग पिओट यांबुकूला गेले. तिथं बेल्जियन नन चालवत असलेलं मिशनचं रुग्णालय होतं. भोवतालच्या कित्येक मैलांतले लोक तिथंच येत, कारण औषधं तिथंच मिळत. या रुग्णालयात रोज सकाळी पाच सिरिंज बाहेर काढल्या जात. त्या पाच सुयांवर दिवसभराचे सगळे रुग्ण काढायचे. एकाला टोचून झालं की सुई कोमट पाण्यात खळबळायची आणि पुढच्याला टोचायची. गरोदर बायका तपासणीला येत, त्यांना ताकदीचं इंजेक्शन दिलं जाई. साथीचा तक्ता मांडल्यावर दिसलं की तरुण बायका विशेष संख्येनं गेल्या आहेत. विषाणू त्यांच्यापर्यंत गेला होता तो त्या सुईच्या टोकावरून. एकंदर ३१८ जणांना लागण झाली, २८० दगावले. रुग्णालयातल्या सतरा कर्मचाऱ्यांपैकी अकरा जण गेले. सप्टेंबरअखेर रुग्णालय बंद पडलं आणि साथ ओसरू लागली.

या प्रकरणात खलनायक कुणीच नाही. नन मनापासून सेवा करत होत्या आणि त्यांतल्या काही त्याच साथीत गेल्या. पण पाच सुया, कोमट पाणी, आणि 'इंजेक्शन दिल्याशिवाय बरं वाटत नाही' ही रुग्णांची समजूत, एवढ्या तीन गोष्टींनी गावंच्या गावं उजाड केली. ही समजूत आपल्या खेड्यांतल्या दवाखान्यांना अनोळखी नाही. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा गावात हिपॅटायटिस बीची जी जीवघेणी साथ आली, तिच्या मुळाशीही पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजच होत्या. पिओट यांचं पुस्तक वाचलेला माणूस पुढच्या वेळी दवाखान्यात सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फोडलं जातंय ना, हे बघतो. भीतीचा इतका सरळ उपयोग सगळी पुस्तकं करून देत नाहीत.

जैविक अस्त्रांवरच्या पुस्तकांत हा फरक आणखी ठळक होतो. या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे केन अलिबेक यांचं १९९९ सालचं 'बायोहॅझर्ड'. अलिबेक हे सोव्हिएत संघाच्या 'बायोप्रेपरात' या यंत्रणेतले वरच्या फळीतले अधिकारी. नावाला औषधनिर्मिती करणारी ही यंत्रणा आत रोगजंतूंची अस्त्रं बनवत होती. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७२ साली झाला, त्यावर सोव्हिएत संघानं सही केली, आणि त्यानंतर आपला कार्यक्रम कमी करायच्या ऐवजी वाढवला. १९९२ मध्ये अलिबेक अमेरिकेत पळून आले आणि त्यांनी हे सगळं सांगितलं. पुस्तक अंगावर काटा आणतं. मात्र त्यातले काही दावे आजवर स्वतंत्रपणे पडताळता आलेले नाहीत, हे वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

१९९९ मध्येच जीन गिलेमिन या समाजशास्त्रज्ञ बाईंचं 'अँथ्रॅक्स' हे पुस्तक आलं. त्याचा तितका गवगवा झाला नाही. खरं तर दोन्हींतलं थोर पुस्तक हे.

स्वेर्दलोव्स्क हे उराल पर्वताच्या कुशीतलं औद्योगिक शहर, आजचं येकातेरिनबुर्ग. १९७९ च्या एप्रिल महिन्यात तिथं माणसं एकाएकी तापानं फणफणून, श्वास कोंडून मरू लागली. निदान झालं अँथ्रॅक्सचं. सरकारनं सांगितलं की दूषित मांस विकलं गेलं, ते खाऊन लोक दगावले. केजीबीनं रुग्णालयातले कागद उचलून नेले. शहरात 'कंपाउंड १९' नावाचा लष्करी तळ होता, त्याबद्दल बोलायचं कुणी धाडस केलं नाही. पुढची तेरा वर्षं दूषित मांस हेच अधिकृत उत्तर राहिलं. हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांनाही १९८० च्या दशकात सोव्हिएत डॉक्टरांचं हे स्पष्टीकरण पटण्याजोगं वाटलं होतं.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९२ मध्ये, मेसेल्सन स्वतः एक पथक घेऊन तिथं गेले. त्यांच्या पत्नी गिलेमिन त्या पथकात होत्या. रुग्णालयाच्या नोंदी तर गेल्या होत्या. मग गिलेमिन दारोदार फिरल्या. मृतांच्या नातेवाइकांच्या स्वयंपाकघरात बसून त्या एकेका घरी विचारत राहिल्या: तो माणूस कुठं कामाला होता, सोमवारी, २ एप्रिलला, तो दिवसा कुठं होता? दफनभूमीतल्या थडग्यांवरच्या तारखा उतरवून घेतल्या. ही सगळी उत्तरं नकाशावर मांडली, तेव्हा मृत्यूंचे ठिपके एका अरुंद पट्ट्यात येऊन बसले. पट्टा 'कंपाउंड १९'पासून सुरू होऊन दक्षिणेकडे शहराच्या हद्दीपर्यंत जात होता. त्याच रेषेत पुढं, खेड्यांमधून, गुरं आणि मेंढ्या मेल्याच्या नोंदी होत्या. विमानतळाच्या हवामान नोंदी काढल्या, तर त्या सोमवारी वारा नेमका त्याच दिशेनं वाहत होता. मांस खाऊन मेलेली माणसं वाऱ्याच्या रेषेत मरत नाहीत. पथकाला एकूण ७७ रुग्णांचा माग लागला, त्यातले ६६ मरण पावलेले.

या शोधाला आधार दिला तो फाइना अब्रामोवा आणि लेव ग्रिनबर्ग या दोन स्थानिक शवविच्छेदन डॉक्टरांनी. १९७९ मध्ये केजीबी कागद गोळा करत असताना त्यांनी मृतांच्या अवयवांचे नमुने आणि आपली टिपणं राखून ठेवली होती. बेचाळीस शवविच्छेदनांचा तो ऐवज सांगत होता की जंतू पोटातून नव्हे, फुप्फुसांतून शरीरात शिरले होते. त्या काळात असे नमुने जपणं म्हणजे नोकरी आणि कदाचित स्वातंत्र्यही पणाला लावणं. या दोघांची नावं शाळेच्या पुस्तकात असायला हवीत.

गळती झाली कशी? अलिबेक यांनी ऐकलेली आणि पुस्तकात सांगितलेली हकीकत अशी: हवा गाळणारी एक जाळी तुंबली म्हणून पाळी संपताना कामगारानं ती काढली, आणि तशी चिठ्ठी लिहून ठेवली. पर्यवेक्षकानं ती गोष्ट रजिस्टरमध्ये उतरवली नाही. पुढच्या पाळीच्या माणसांनी रजिस्टर पाहिलं, त्यात काही दिसलं नाही, यंत्रं सुरू केली. ही हकीकत खरी धरली, तर जगातल्या सर्वांत धोकादायक कारखान्यांपैकी एकाचा अपघात रजिस्टरमधल्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे झाला. शीतयुद्ध, महासत्ता, अस्त्रं हे सगळं बाजूला ठेवलं तरी ज्यानं कुठल्याही कार्यालयात दोन वर्षं काढली आहेत, त्याला ही चूक ओळखीची वाटेल. आणि त्या चुकीनंतर लोकांना खरं सांगितलं असतं, तर ज्यांनी तो वारा श्वासात घेतला होता त्यांना पहिल्या दिवसापासून प्रतिजैविकं देता आली असती. त्याऐवजी मांसाची कथा रचली गेली.

या विषयावर लिहिणारे एक भीती नेहमी पुढं करतात: उद्या कुणीही माथेफिरू घरात बसून साथ पसरवेल. आजवरचा इतिहास एवढं सोपं काही दाखवत नाही. जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाकडे पैसा होता, शिकलेले लोक होते. १९९३ मध्ये त्यांनी टोक्योतल्या एका इमारतीवरून अँथ्रॅक्स फवारलं आणि कुणालाच काही झालं नाही, कारण त्यांच्याकडचा जंतू लस बनवण्याचा निरुपद्रवी वाण निघाला. २००१ मध्ये अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्स पाठवलं गेलं, पाच जण मेले. एफबीआयनं अखेर बोट ठेवलं ते सरकारच्याच फोर्ट डेट्रिकमधल्या एका शास्त्रज्ञावर. त्यानं खटला उभा राहण्याआधीच आत्महत्या केली, आणि केवळ प्रयोगशाळेतल्या पुराव्यावरून निर्णायक निष्कर्ष काढता येत नाही, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं नंतर म्हटलं. म्हणजे हा प्रश्नही शेवटी कुलूपबंद प्रयोगशाळेच्या आत जाऊन थांबला.

सरकारी प्रयोगशाळेबाहेरच्या माणसांचा एक हल्ला मात्र साधला, आणि त्याचा धागा पुण्यापर्यंत येतो. रजनीशांनी १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात आश्रम उभा केला आणि १९८१ मध्ये तो सोडून ते अमेरिकेत ओरेगॉन राज्यात गेले. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या वास्को काउंटीच्या निवडणुका होत्या. विरोधी मतदार घरातून बाहेरच पडू नयेत यासाठी तिथल्या आश्रमातल्या एका टोळक्यानं द डॅलस या गावातल्या दहा रेस्टॉरंटांमध्ये, मुख्यतः सॅलडच्या थाळ्यांमध्ये, साल्मोनेला जंतू मिसळले. ७५१ माणसं आजारी पडली. सुदैवानं कुणी दगावलं नाही. राज्याच्या तपासणीनं ठपका ठेवला तो हॉटेलातल्या कामगारांच्या अस्वच्छ हातांवर. सत्य बाहेर आलं वर्षभरानं, रजनीशांनीच आपल्या सचिव मा आनंद शीला यांच्यावर जाहीर आरोप केल्यावर. मग आश्रमाच्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला. शीला यांनी पुढं गुन्हा कबूल केला आणि तुरुंगवास भोगला. ज्या गरीब वेटरांच्या माथी वर्षभर तो डाग राहिला, त्यांची गोष्ट कुठल्याच पुस्तकात नीट आलेली नाही.

याच प्रकरणात एक अवघड प्रश्नही आहे. या साथीचा वैद्यकीय अहवाल अमेरिकी डॉक्टरांच्या नियतकालिकात छापला गेला तो १९९७ मध्ये. वाचून दुसऱ्या कुणाला तेच सुचू नये, म्हणून तो इतकी वर्षं मागं ठेवला होता. म्हणजे सगळंच दडवणं लबाडीचं नसतं. जंतू अधिक घातक कसा करावा याची कृती छापू नये, हे कुणीही मान्य करील. पण किती माणसं आजारी पडली, कशानं पडली, कोणाची चूक झाली, हे कृतीच्या सदरात येत नाही. या दोहोंमधली रेषा आखता येते, आणि ती आखण्याचं काम एकट्या लष्करावर किंवा आरोग्यखात्यावर सोपवून चालणार नाही.

आपल्याकडे या प्रकारच्या लेखनासाठी किती ऐवज पडून आहे! १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरनं प्लेग ओळखला. पुढच्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. इथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असतं. मुल्कोवालचं नाव मात्र फारसं कुणी काढत नाही. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या या गावी १०७ जणांना मुंबईहून आलेली प्लेगची लस टोचली गेली आणि त्यातले १९ जण धनुर्वातानं मेले. मेलेल्या सगळ्यांना लस दिली होती ती एकाच बाटलीतून. खापर फुटलं हाफकिन यांच्यावर आणि त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर, त्यांचं पद गेलं. चौकशीतल्या साक्षीत एक बारीक तपशील होता: गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढायला वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. पण चौकशीचे कागद लोकांसमोर यायला चारेक वर्षं गेली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून बाजू लावून धरली, तेव्हा कुठं हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे, तिच्या प्रमुखपदावर ते परत आले नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली, पाठोपाठ माणसं तापानं लोळू लागली. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, गोचिडांतून पसरणारा नवा विषाणू शोधून काढला. त्याचं नातं रशियातल्या जंगली विषाणूंशी जुळत होतं. मग प्रश्न आला, सायबेरियातून येणारे पक्षी गोचीड घेऊन येतात का? पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं पक्ष्यांना कडी घालण्याचं काम हाती घेतलं. त्याला आधी जागतिक आरोग्य संघटनेचा आणि नंतर अमेरिकी लष्कराच्या एका प्रकल्पाचा पैसा मिळाला. १९७४ मध्ये वर्तमानपत्रांतून संशय उठला की हे सगळं जैविक युद्धाच्या तयारीसाठी आहे. १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं त्यावर कडक अहवाल दिला. दिल्लीतला डासांवरचा एक मोठा प्रकल्प त्या वादळात बंदच पडला. पैसा कुणाचा, माहिती कुणाकडे जाणार, हे पहिल्याच दिवशी लोकांसमोर मांडलं असतं, तर पक्ष्यांच्या पायात कडी घालणाऱ्या अभ्यासकांवर असा संशय घ्यायची वेळच आली नसती. क्यासनूरचा हा माकडताप संपलेलाही नाही. गेल्या दशकात तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात येऊन पोचला. काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांना तो गाठतो.

आज पुण्यात पाषाणच्या एनआयव्हीत सर्वोच्च सुरक्षा श्रेणीची प्रयोगशाळा आहे. निपाहसारखे विषाणू तिथं हाताळले जातात, आणि देशाला तिची नितांत गरज आहे. अशा प्रयोगशाळा जगभर वाढत आहेत. १९७२ च्या कराराला मात्र पन्नास वर्षं उलटूनही तपासणीची यंत्रणा नाही. ती उभी करण्याच्या वाटाघाटी २००१ मध्ये अमेरिकेनं अंग काढून घेतल्यावर बारगळल्या. कोण काय करतं आहे हे जाऊन पाहण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्यामुळे प्रत्येक देशातल्या नागरिकांनी आपापल्या सरकारला विचारणं, एवढाच मार्ग उरतो. आपल्या भागातल्या प्रयोगशाळांत वर्षभरात किती चुका झाल्या, किती जणांना सुई टोचली, किती नमुने सांडले, याचा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा, ही मागणी अवाजवी नाही. त्यातून कुणाला अस्त्र बनवता येत नाही.

मराठीत रॉबिन कुकच्या वैद्यकीय थरारकथा कधीच्या आल्या आहेत आणि आवडीनं वाचल्या जातात. आता प्रकाशकांनी गिलेमिन आणि पिओट यांच्याकडे वळावं. आणि मुल्कोवालवर, क्यासनूरवर कुणीतरी मराठीतच मुळातून लिहावं. चौकशीच्या साक्षी छापील आहेत, लोकलेखा समितीचा अहवाल लोकसभेच्या दप्तरात आहे, आणि दोडामार्गात माकडतापातून उठलेली माणसं बोलायला हयात आहेत.